खानदेशात गेमिंग कॉम्प्युटर जोडायचाय? आधी भिंतीतला प्लग बघा

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये भाच्याचा फोन आला, "मामा, कोनतं कार्ड लेऊ?" बारावीची परीक्षा झालेली, घरच्यांनी कापसाच्या पैशातून मॉनिटरसकट ऐंशी हजार कबूल केलेले. त्याला गेमिंगचा कॉम्प्युटर जोडायचा होता आणि ग्राफिक कार्ड, म्हणजे गेमचं चित्र तयार करणारा भाग, कोणतं घ्यायचं याचं एका शब्दात उत्तर हवं होतं. मी म्हटलं, रविवारी घरी येतो, मग सांगतो.

अमळनेरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. ताईचं गाव पारोळ्याकडे. तिथे गेल्यावर त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरजवळ बसलो तर ताई म्हणाली, "भाऊ, याले हात लावा की झिनझिन करस." लोखंडी कॅबिनेटला मनगटाची मागची बाजू टेकवली. खरंच मुंग्या येत होत्या. घरातल्या सगळ्यांना याची सवय झाली होती, म्हणून इतक्या वर्षांत कुणी बोललंच नव्हतं.

मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२४ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच दिसायला हवेत, पण तिथे चाळीसच्या आसपास आणि तेही हलते आकडे. मेन स्विच बंद करून बोर्ड खोलला. वरच्या जाड पिनेच्या भोकामागे वायरच नव्हती. थ्री पिन सॉकेट बसवलेलं, अर्थिंग नाहीच. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, त्याच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यातून झिरपणारा करंट अर्थच्या वायरीतून जमिनीत जायला हवा. वायर नसली की तो बॉडीवरच थांबतो आणि आपल्या हाताला कळतो. त्याच बॉडीला मदरबोर्ड कसलेला असतो, मॉनिटरची केबल तिथेच लागते. मला दुकानात जळालेले एचडीएमआय पोर्ट दिसतात, त्यातल्या बऱ्याच घरांत अर्थिंग नसतं.

म्हणून पहिली खरेदी वायरमनची. घरामागे खड्डा, त्यात अर्थिंगचा पाइप, मीठ आणि कोळसा, तिथून कॉम्प्युटरच्या बोर्डापर्यंत हिरवी वायर. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, स्वतः हात घालू नका. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात हात भेगा पडतात आणि सुकलेल्या मातीत अर्थिंग कमजोर होतं. मार्च ते जून दर आठवड्याला त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. ताईने तुळशीला पाणी घालताना तिकडेही घालायची सवय लावून घेतली आहे.

आता दुसरी गोष्ट, एसएमपीएस. लोक हा भाग सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात घेतात. मी सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाला कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस बसवून दिला होता. मे महिना, संध्याकाळी लाईट गेली, पाच मिनिटांनी आली, लगेच परत गेली आणि आली. आवाज झाला, जळका वास सुटला. मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्कही गेली आणि तिच्यात त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. ते फोटो मी परत आणू शकलो नाही. तेव्हापासून माझ्या हातून तसला एसएमपीएस कुणाच्या घरात गेलेला नाही.

दुकानात गेलात की डबा हातात घ्या आणि स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असेल, ते सोडा. खाली तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळपास सगळी वीज याच लाईनवरून घेतात. त्या आकड्याला बाराने गुणा. माझ्या टेबलावर आत्ता असाच एक डबा पडलाय, नावाला ४५० वॅट, १२ व्होल्टवर १६ ॲम्पिअर. सोळा बारे एकशे ब्याण्णव. म्हणजे कामाचे वॅट एवढेच. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ४२ ते ४५ ॲम्पिअर असतात.

त्याच स्टिकरवर इनपुट बघा. काहींवर २०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर १०० ते २४०. गावात राहत असाल तर दुसराच घ्या. शेतीची लाईट आली, डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातलं व्होल्टेज किती खाली जातं ते तुम्हाला पंख्याच्या गतीवरून माहीत आहे. ताईच्या घरी त्या दिवशी संध्याकाळी सातला मी मोजलं तेव्हा १७६ होतं. १०० ते २४० वाला अशा वेळीही शांतपणे चालतो. सोबत वीज कमी वाया जाते हे सांगणारा ८० प्लस ब्रॉन्झचा शिक्का आणि निदान पाच वर्षांची वॉरंटी असली की झालं.

यूपीएस घेतानाही नावाच्या आकड्याला भुलू नका. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. भाच्याच्या मशीनचा हिशोब मी असा केला : ग्राफिक कार्ड ११५ वॅट, खेळताना प्रोसेसर सत्तरच्या आसपास, बाकी पंखे, बोर्ड, मॉनिटर मिळून साठ-सत्तर. अडीचशे झाले. लोड मध्येच उसळी घेतो, म्हणून ११०० व्हीएचा घेतला, तो ६६० वॅट देतो. पाच-सात मिनिटं मिळतात, गेम सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी पुरतात. घरातल्या इन्व्हर्टरवर गेमिंग मशीन टाकू नका. बरेच जुने इन्व्हर्टर चौकोनी वेव्ह देतात, चांगल्या एसएमपीएसला ती मानवत नाही. शिवाय लाईट गेल्यावर ते पलटायला जो क्षणभर वेळ घेतात, तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो.

भाच्याला हे सगळं ऐकताना धीर निघत नव्हता. त्याला कार्ड हवं होतं. पण आपल्याकडे कार्डसुद्धा वॅट बघूनच निवडायचं, हे मी त्याला समजावलं आणि तुम्हालाही तेच सांगतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते सांगायला नको. कार्ड जेवढे वॅट खातं, तेवढी सगळी उष्णता शेवटी त्याच खोलीत सुटते. आणि खोलीचं तापमान जितकं वर, साधारण तितकंच कार्डचं तापमान वर. पुण्यात एसीच्या खोलीत घेतलेल्या चाचणीत ६५ दाखवणारं कार्ड आपल्याकडे सहज ऐंशीला टेकतं.

त्याच्यापुढे दोन कार्डं होती, आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६०. ३०६० ला १२ जीबी मेमरी, पण १७० वॅट. ४०६० ला ८ जीबी, पण ११५ वॅट आणि बहुतेक गेममध्ये वेगही जास्त. मेमरी कमी हा खरा तोटा आहे. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्श्चर, म्हणजे चित्रातला बारीक तपशील, एक पायरी खाली ठेवावं लागतं. तरी मी ४०६० घ्यायला लावलं, कारण ते ५५ वॅट उन्हाळ्यातही वाचतात आणि यूपीएसवरही. आज खरेदी करणाऱ्यापुढे पुढची कार्डं आलेली आहेत, उदाहरणार्थ १४५ वॅटचं आरटीएक्स ५०६०. नाव कोणतंही असो, बजेटमधल्या दोन-तीन कार्डांच्या वेगाशेजारी त्यांचे वॅट लिहून काढा. १०८० पी च्या मॉनिटरवर खेळणाऱ्याला दीडशे वॅटच्या वर जायची गरज मला तरी वाटत नाही. फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक खेळणार असाल तर त्याहून हलकं कार्डही भरपूर झालं.

प्रोसेसरबाबत माझं मत पुण्या-मुंबईच्या लोकांना पटणार नाही. तिकडे सगळे इंटेलचा एफ अक्षरवाला प्रोसेसर घ्या म्हणतात, कारण तो हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो. एफ म्हणजे आत ग्राफिक नाही. कार्ड चालू आहे तोवर काही फरक पडत नाही. पण कार्ड बिघडलं तर? आपल्या गावातून ते दुकानात, तिथून कुरिअरने मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला आणि परत. महिना सहज जातो. तेवढे दिवस एफवाल्याचा मॉनिटर काळा. भाच्याला ॲडमिशनचे फॉर्म भरायचे होते, पुढे कॉलेजचं काम होतं. म्हणून त्याला साधा आय५ १२४०० घेतला, एफ नसलेला. सहा कोर, बारा थ्रेड, ४०६० ला पुरेसा. एएमडी आवडत असेल तर रायझन ७६०० मध्येही आत ग्राफिक आहे. रायझन ५६०० मध्ये नाही. ७६०० चा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि पुढे प्रोसेसर बदलायची सोय त्यात जास्त आहे, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते.

रॅमचं अवघड झालंय. त्या वेळी १६ जीबी डीडीआर४ तीन-साडेतीन हजारांत मिळाली होती. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळली आणि भाव भडकले. त्यामुळे घरातल्या किंवा ओळखीच्या जुन्या मशीनमधली चांगली डीडीआर४ निघत असेल तर ती वापरायला हरकत नाही, रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून एकही चूक न दिसल्यास. १६ जीबी एका काडीत घेऊ नका, ८ च्या दोन घ्या, वेगात फरक पडतो. साठवणीसाठी एसएसडी, ती एनव्हीएमई प्रकारची, शक्य झाल्यास १ टीबी. यापेक्षा जास्त त्यात डोकं घालायचं कारण नाही.

कॅबिनेटवर मात्र बोलू द्या. ताईच्या घरात दिवाळीनंतर पुढच्या खोलीत कापूस भरलेला असतो, भाव येईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन महिने. आपल्याकडे कित्येक घरांत असंच असतं. तो जुना कॉम्प्युटर मी त्या रविवारी खोलला, तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची पाती, दिसतच नव्हतं. पात्यांच्या फटींवर राखाडी लादी जमलेली, गादीतल्या दाबलेल्या कापसासारखी. नखाने एका कडेला उचलली तर अख्खी एका तुकड्यात निघाली, पलीकडच्या बाजूला हीटसिंकच्या रेषा उमटलेल्या. ती काढण्याआधी प्रोसेसर ९६ अंशांवर होता, काढून नवी पेस्ट लावल्यावर ६७.

तेव्हा पुढून काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट बघायला छान असलं तरी घेऊ नका. काचेतून हवा कुठून येणार? पुढे जाळी हवी आणि जाळीमागे ओढून काढता, धुता येणारा फिल्टर हवा. पुढून दोन पंखे आत हवा ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटीफटीतून धूळ आत शिरत नाही, फिल्टरमधूनच यावी लागते. प्रोसेसरवर कंपनीचा बसका पंखा येतो, त्याऐवजी दीड-दोन हजारांचा टॉवर कूलर बसवा. खानदेशात ती चैन नाही.

खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरबद्दल मला हमखास विचारतात. खोलीत कूलर चालू द्या, कॉम्प्युटरलाही त्याचा फायदाच आहे. पण कूलरचं तोंड कॅबिनेटकडे नको. ओल्या वाळ्यातून किंवा पॅडमधून बारीक तुषार उडतात आणि आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. कूलरच्या जाळीवर पांढरे थर बसलेले तुम्ही बघताच, तेच मदरबोर्डवर बसतील. सात-आठ फूट लांब आणि तिरका ठेवा.

खरेदी आम्ही जळगावला गोलाणी मार्केटमध्ये हिंडून केली, दोन वस्तू ऑनलाइन मागवल्या. दुकानातून घ्या नाहीतर ऑनलाइन, जीएसटीचं बिल हवंच आणि बिलावर सिरीअल नंबर हवा. बिलाशिवाय हजार रुपये कमी करतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा, वॉरंटी मागायला उद्या तुम्हालाच जायचंय. कुरिअरची पेटी उघडताना सलग व्हिडिओ काढा.

जोडायला पहाटे बसा. उन्हाळ्यात दुपारी जोडताना घामाचा थेंब थेट सॉकेटच्या पिनांवर पडतो, मी कपाळाला रुमाल बांधूनच बसतो. दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, कोरड्या हवेत अंगावर साचलेली स्थिर वीज निघून जाते. चार स्लॉट असतील तर रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डला. पहिल्यांदा चालू झाल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी सुरू करा, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालते, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचे हर्ट्झ वाढवा, नाहीतर १४४ चा मॉनिटर ६० वरच चालत राहतो.

भाच्याचं मशीन मेच्या तिसऱ्या आठवड्यात चालू झालं. खोलीत ३९ अंश होते, दोन तास खेळल्यावर कार्ड ७८ वर थांबलं, तेही फ्रेम सेकंदाला ९० वर बांधून. ताईने येऊन कॅबिनेटवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. काहीच झिणझिणलं नाही. आता कापूस घरात असेपर्यंत दर रविवारी आणि एरवी महिन्यातून एकदा तो फिल्टर काढून नळाखाली धुतो, उन्हात खडखडीत वाळवतो आणि मगच परत लावतो.