या चुका टाळा : शून्य-एकच्या ओळीत स्वसाम्य शोधताना

स्वसाम्य म्हणजे ओळीच्या किंवा नक्षीच्या एका भागात पुन्हा तीच ओळ किंवा नक्षी सापडणं. ते शोधताना सगळ्यात जास्त घोळ मोजणीत होतो. थू-मोर्सची ओळ घ्या: ० १ १ ० १ ० ० १. क्रमांक बायनरीत लिहायचा, त्यातले १ मोजायचे; सम भरले तर ०, विषम भरले तर १. इथे मोजणी शून्यापासून. ०, २, ४, ६ या क्रमांकांची पदं उचलली की ० १ १ ० मिळतं, म्हणजे तीच ओळ पुन्हा. पण मंडळी सवयीने दुसरं, चौथं, सहावं करत उचलतात. हाती येतं १ ० ० १, नेमकं उलटं, आणि ‘स्वसाम्य नाहीच’ म्हणून मोकळे! याउलट कागदाच्या घड्यांची ओळ (पट्टी एकाच बाजूने पुन्हा पुन्हा अर्धी दुमडून उघडली की घड्या कुठे वळतात ती), १ १ ० १ १ ० ०, एकपासून मोजायची. सम जागांवर तीच ओळ, विषम जागांवर नुसतं १ ० १ ०. मी आजही कोडच्या आधी सोळा पदं पेन्सिलीने लिहितो आणि प्रत्येकाच्या डोक्यावर क्रमांक टाकतो. एवढाही धीर नसलेल्यांचे प्रोग्राम नंतर मलाच तपासावे लागतात.

दुसरी चूक, टोकं जोडण्याची. नियम ९० घरांच्या पट्टीवर चालतो, प्रत्येक घरात ० किंवा १, आणि एका रांगेवरून खालची रांग बनते. नियम सोपा: डाव्या-उजव्या शेजाऱ्यांपैकी नेमका एक १ असेल तर १, नाहीतर ०. मधोमध एक १ ठेवून सुरुवात केली की सिअरपिन्स्कीचा त्रिकोण, म्हणजे त्रिकोणात त्रिकोण अशी नक्षी, उमटतो. एका विद्यार्थ्याने ६४ घरं घेतली आणि टोकं एकमेकांना जोडली. सुरुवातीची रांग शून्यावी धरली, तर ३२व्या रांगेपासून पडदा कोरा. पठ्ठ्या नियमाचा तक्ता पुन्हा पुन्हा लिहीत बसला. तक्ता बरोबरच होता! मोकळ्या पट्टीवर ३२व्या रांगेत दोनच १ उरतात, मध्यापासून ३२ घरं डावीकडे आणि ३२ उजवीकडे. ६४ घरांच्या वर्तुळात ती दोन्ही घरं एकच. १ आणि १ एकमेकांना खाऊन टाकतात. पायऱ्यांची दुप्पट अधिक एक, इतकी घरं घ्या आणि टोकं मोकळी सोडा.

फाइल झिप करून लहान झाली म्हणजे स्वसाम्य सापडलं असं नाही. ०१०१०१ सुद्धा लहान होते.

आठ पदं ओईआयएसमध्ये (पूर्णांकांच्या ओळींच्या ऑनलाइन कोशात) डकवून पहिलं नाव उचलू नका. आठ पदं जुळणाऱ्या ओळी ढिगाने आहेत.

फिबोनाची शब्दात (० च्या जागी ०१, १ च्या जागी ०) एक आड एक पदं उचलून काही हाती लागत नाही. तिथे ०१ च्या जोड्या परत ० करा, सुटं उरलेलं ० हे १ करा, मग तोच शब्द दिसेल.

आणि नियम ३० (नियम ९० सारखाच पट्टीवरचा दुसरा नियम, सुरुवात एकाच १ ने) च्या मधल्या स्तंभात, १ १ ० १ १ १ ० ०, कुणाला नक्षी दिसलीच, तर आधी आणखी काही हजार पदं काढा. तो स्तंभ कधीच आवर्ती होत नाही का (म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा येत नाही का), या प्रश्नावर हे नियम अभ्यासणाऱ्या स्टीफन वोल्फ्रॅमने २०१९ मध्ये बक्षीस लावलंय.