ब्रॅकनच्या कुळातला नेचा बीजाणूंपासून वाढवताना

महाबळेश्वरच्या उघड्या उतारांवर कमरेइतका वाढलेला, त्रिकोणी पानांचा ब्रॅकन हा नेचा पाहिला की अनेकांना तो मुळासकट उपटून घरी आणावासा वाटतो. आणू नका. त्याचं आडवं खोड जमिनीत खोल आणि लांबवर पसरलेलं असतं. हाती येतो तो तुकडा बहुतेक वेळा कुंडीत मरतो आणि बागेत जगलाच तर सगळा वाफा बळकावतो. शिवाय त्यात टाकिलोसाइड हे कर्करोगकारक द्रव्य असतं. ब्रॅकन खात राहिलेल्या गुरांच्या लघवीतून रक्त जातं, मूत्राशयात गाठी होतात. घरात जनावरं असतील तर हा विषय इथेच संपवा.

त्याच कुळातला, कुंडीत शोभणारा आणि सह्याद्रीच्या ओल्या, सावलीच्या घळींत वाढणारा नेचा म्हणजे मायक्रोलेपिया स्पेलुंकी. पान मोठं, बारीक विभागलेलं, हाताला मऊ केसाळ लागणारं.

ओळख पानाच्या आकारावरून करू नका, त्याने हमखास फसगत होते. आधी जमिनीलगतचं खोड पाहा. या कुळात खोडावर केस असतात, खवले नसतात. नर्सरीत सर्रास मिळणाऱ्या नेफ्रोलेपिस या नेच्याच्या खोडावर खवले दिसतात. तो या कुळातला नाही. मग पान उलटं करून भिंगाखाली धरा. ब्रॅकनमध्ये बीजाणूंची सलग रेघ कडेने जाते आणि पानाची दुमडलेली कड तिला झाकते. मायक्रोलेपियात कडेच्या किंचित आत सुटे ठिपके असतात आणि प्रत्येकाला कडेच्या दिशेने उघडणारा इवलासा खिसा असतो. शर्टाच्या खिशासारखा, तळाशी आणि बाजूंनी चिकटलेला, वरून मोकळा. तो खिसा एकदा नीट पाहिला की पुन्हा गोंधळ होत नाही.

पान अभयारण्यातून तोडू नका. कुणाच्या बागेतून किंवा खासगी जागेतून, मालकाला विचारून घ्या. ठिपके तपकिरी झालेले हवेत. हिरवे असतील तर कच्चे, फाटून विस्कटलेले असतील तर रिकामे. पान पांढऱ्या कागदावर पालथं घालून, वर दुसरा कागद ठेवून, वारा लागणार नाही अशा जागी दोन दिवस राहू द्या. मग कागद तिरका करून हलकेच टिचकी मारा. भुसा घरंगळतो, बीजाणूंची बारीक पूड कागदाला चिकटून राहते. तीच घ्यायची.

कोकोपीट आणि बारीक वाळू पारदर्शक झाकणाच्या डब्यात भरून उकळत्या पाण्याने भिजवा, झाकण लावून गार होऊ द्या.

आता पेरणी. मी सगळ्यात जास्त काळ अडलो ते इथेच, आणि सगळ्यात वाईट सल्लाही इथेच मिळतो: ‘भरपूर टाका, काही तरी उगवेलच.’ उगवतं खरं, हिरवीगार चादर पसरते, आणि महिनोन् महिने त्यातून एकही नेचा वर येत नाही. बीजाणूपासून थेट नेचा होत नाही. आधी नखाएवढा, हृदयाच्या आकाराचा प्रोथॅलस होतो आणि स्त्री-पुरुष पेशींचं मीलन त्याच्यावर होतं. पुढे गेलेले प्रोथॅलस असं द्रव्य सोडतात की मागे राहिलेले शेजारी नर होतात. हे द्रव्य १९५० मध्ये ब्रॅकनमध्येच पहिल्यांदा सापडलं. म्हणजे दाटीत डबा नरांनी भरतो, अंडपेशी धरणारे थोडेच उरतात. वर बुरशी शिरली तर एका रात्रीत सगळं काळं पडतं.

म्हणून चिमूटभर पूडही एका डब्याला जास्त आहे. कोरड्या ब्रशचं टोक पुडीला लावा आणि तो डब्यावर धरून त्याला एकदाच टिचकी मारा. पृष्ठभागावर काही दिसता कामा नये. तरीही दाट उगवलं तर चिमट्याने छोटे पुंजके उचलून दुसऱ्या डब्यात अंतराने ठेवा. यात आळस करू नका.

दुसरी अट पाण्याची. नेच्याच्या पुरुषपेशी पाण्याच्या थरातून पोहतच अंडपेशीपर्यंत जातात. हृदयं स्पष्ट दिसू लागली की उकळून गार केलेल्या पाण्याचा बारीक फवारा अधूनमधून मारा, पृष्ठभाग चकाकेल इतका. आधी मात्र फवारे नकोत, तेव्हा डब्यातला ओलावा पुरतो. डबा भरपूर उजेडात, पण थेट उन्हात कधीच नाही. बंद डबा उन्हात तापला की सगळं शिजतं.

पहिलं पान साध्या दोन-तीन दलांचं असतं, ते तण समजून उपटू नका. चार-पाच पानं आल्यावर झाकण रोज थोडं जास्त उघडत दोन-तीन आठवड्यांत काढून टाका, आणि मग पानकुजीच्या भुसभुशीत मातीत, खोलीपेक्षा रुंदी जास्त असलेल्या कुंडीत लावा. खोड आडवं सरकतं, त्याला जागा हवी. ते मातीत गाडू नका, वरच्या थरात जेमतेम झाकलं की पुरे.