आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारचा चार्जर गेला असं म्हणायच्या आधी या चुका टाळा

चार्जर पीं पीं करायला लागला आणि स्क्रीनवर एरर आली की पहिला विचार काय येतो, गेला चार्जर, नवीन घ्या. बहुतेक वेळा चार्जर धडधाकट असतो आणि घोळ असतो वायरमध्ये, प्लगमध्ये किंवा आपणच घाईत निवडलेल्या सेटिंगमध्ये. मी स्वतः एक चांगला चार्जर भंगारात काढायला निघालो होतो, दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी निघालं काय तर बॅटरीच्या बॅलन्स प्लगमधली (प्रत्येक सेलचं व्होल्टेज चार्जरला कळवणारा छोटा प्लग) एक पिन मागे सरकलेली. बोटाने दाबली, टक् झालं, चार्जर सुरू.

म्हणून पहिलं काम म्हणजे मल्टिमीटर काढा, साधा असला तरी चालतो. २एस लिपोच्या (लिथियम पॉलिमर बॅटरी, २एस म्हणजे आत दोन सेल) बॅलन्स प्लगला ३ वायरी असतात, ३एसला ४. मीटरचा काळा प्रोब काळ्या वायरवर ठेवायचा आणि पुढच्या पिना एकेक करून मोजायच्या, समजा पहिली ३.९ व्होल्ट आणि दुसरी ७.८ (दोन्ही सेलची बेरीज) आली तर दोन्ही सेल ३.९ वर आहेत, पॅक म्हणजे बॅटरी ठीक आहे. फक्त मोजताना दोन प्रोब एकमेकांना किंवा शेजारच्या पिनेला टेकू देऊ नका, शॉर्ट होतं. आता मीटर ३.९ म्हणतोय आणि चार्जर त्याच सेलला ३.४ दाखवतोय किंवा काहीच दाखवत नाहीये तर कॉन्टॅक्टची भानगड आहे, प्लग, बॅलन्स बोर्ड (बॅलन्स प्लग ज्यात घालतो ती पट्टी), एक्स्टेंशन वायर सगळं हलवून बघा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला हो, पॅक पण बदलला, लीड (चार्जरपासून बॅटरीपर्यंतची वायर) पण बदलली, अडॅप्टर पण बदलला आणि चालू झालं तर कशामुळे चालू झालं ते कळणार कसं?

दुसरा घोळ अडॅप्टरचा, आणि यात भले भले फसतात. ज्या चार्जरला बाहेरून १२ व्होल्ट द्यावे लागतात त्यावर ८० वॅट लिहिलेलं असतं आणि आपण त्याला घरात पडलेला कुठलातरी १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लावतो, म्हणजे झाले ६० वॅट. २एस पॅकला ५ अँपिअर दिले तर शेवटी शेवटी ८.४ गुणिले ५ म्हणजे ४२ वॅट लागतात, चार्जर स्वतः थोडं खातो ते धरून कसंबसं निभतं. पण ३एस लावला की १२.६ गुणिले ५ म्हणजे ६३, ते कुठून येणार? मग काय होतं, चार्ज सुरू होतो, करंट चढत जातो आणि मध्येच इनपुट व्होल्टेज कमी असल्याची एरर येते नाहीतर चार्जर बंद पडून परत चालू होतो. करंट निम्मा करून बघा, चाललं तर अडॅप्टर कमी पडतोय, चार्जरला दोष देऊ नका.

याच्या उलटही होतं, ६ अँपिअर सेट केले तरी ३एसवर ४ च दाखवतो. तुमचा चार्जर ५० वॅटचा असेल तर १२.६ व्होल्टला तो ४ च्या पुढे जाऊच शकत नाही. बिघाड नाहीये.

आता सगळ्यात धोक्याची चूक, मोड, म्हणजे चार्जरवर निवडलेला बॅटरीचा प्रकार. ७.२ व्होल्टचा एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड) पॅक आणि ७.४ चा २एस लिपो, आकडे जवळजवळ सारखे, कधीकधी प्लगही तोच, आणि मागच्या वेळची सेटिंग चार्जरमध्ये तशीच असते. एनआयएमएच मोडमध्ये चार्जर वाट बघतो पॅक भरल्यावर व्होल्टेज किंचित खाली यायची. लिपोत ती घसरण येतच नाही, त्यामुळे चार्जर थांबत नाही, सेल ४.२ व्होल्टच्या पुढे जातो, फुगतो आणि पेट घेऊ शकतो. मेलेला लिपो एनआयएमएच मोडवर पाच मिनिटं लावून जिवंत करायची युक्ती सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. गाडीचा स्विच चालू राहिला, सेल ३ व्होल्टच्या बऱ्याच खाली गेले आणि चार्जर नाही म्हणतोय, तर त्याचं नाही म्हणणं बरोबरच आहे. थोडंच खाली असेल तर काही चार्जर आपणहून आधी हळू करंट देतात, ते त्याचं त्याला करू द्या.

एनआयएमएच पॅक पाच मिनिटांत फुल दाखवून थांबला तर बरेचदा सैल प्लग किंवा खूप दिवस पडून राहिलेला पॅक हे कारण असतं, चार्जरला खोटी घसरण दिसते. प्लग घट्ट करून परत सुरू करा. करंट फार कमी ठेवलात तर उलटा त्रास, खरी घसरणच कळत नाही आणि पॅक तापत राहतो. ३००० एमएएच क्षमतेच्या पॅकला दीड ते तीन अँपिअर ठीक.

काही गोष्टी एरर वाटतात पण नसतात. बऱ्याच चार्जरमध्ये सेफ्टी टायमर असतो, तो १२० मिनिटांवर असेल आणि तुम्ही ५००० एमएएचचा रिकामा पॅक २ अँपिअरने लावला तर अडीच तास लागणार, मग मध्येच थांबणारच की! टायमर वाढवा किंवा पॅकवर चालत असेल तर १सी, म्हणजे पॅकच्या क्षमतेइतका करंट, इथे ५ अँपिअर लावा. शेवटी करंट कमी कमी होत जातो तेही नॉर्मल आहे. स्टोरेज मोडला (पॅक ठेवून द्यायच्या आधी अर्धवट उतरवायचा मोड) तर छोटे चार्जर रडवतात, डिस्चार्ज फक्त ५ वॅटचा असेल तर भरलेला ५००० चा पॅक सेलमागे ३.८ व्होल्टपर्यंत उतरायला तीन तासांच्या वर जातात, त्यापेक्षा गाडी थोडी फिरवून आणा.

वायर लावायचा क्रमही बघा, बनाना प्लग (लीडची चार्जरकडची टोकं) आधी चार्जरमध्ये, बॅटरी नंतर. उलटं केलं की उघडे बनाना प्लग एकमेकांना चिकटतात आणि ठिणगी. लीड घरी सोल्डर केली असेल तर लाल-काळी मीटरने तपासा. गाडीतून काढलेला गरम पॅक लगेच लावू नका, फुगलेला तर अजिबातच नको, आणि चार्ज लावून बाहेर जाऊ नका.

मग चार्जर खरंच कधी गेला म्हणायचं? वेगवेगळे दोन-तीन चांगले पॅक लावून बघितले, प्रत्येक वेळी तोच एक सेल चुकीचा दाखवतोय, तर चार्जरचा बॅलन्स पोर्ट गेलाय. आणि स्क्रीनवर ४.२० आहे पण मीटरवर सेल ४.२५ किंवा जास्त येतोय, मीटरची बॅटरी नवीन घालून परत मोजलं तरी तेच, तर कॅलिब्रेशन (मोजमाप दुरुस्त) होईपर्यंत त्या चार्जरवर लिपो लावायचा नाही.