पहिला पगार यायच्या आधी ठरवून ठेवायच्या गोष्टी

यंदा पदवी किंवा डिप्लोमा संपवून सांगली, मिरज, कुपवाड भागात नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मी सांगलीच्या मार्केट यार्डात शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या एका अडत दुकानाचे हिशेब बघते. त्याआधी एका कर सल्लागाराकडे होते. नोकरी कशी मिळवायची हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. नोकरी लागल्यावर आपण आपल्या मनाप्रमाणे जगतोय की समोरून जे येईल त्याला मान डोलवत चाललोय, हे कसं ओळखायचं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याला काय महत्त्वाचं आहे ते वेळ येण्याआधी ठरवावं आणि ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्यांना तेव्हाच सांगून टाकावं. ऐन वेळी ठरवायला बसलं की आपल्या वतीनं दुसराच कुणीतरी ठरवून मोकळा होतो.

सांगलीकरांना हे वेगळं समजावायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट अशी ठरलेली आहे. कोयना धरणातून विसर्ग वाढला की काठावरच्या वस्तीतली माणसं तो आकडा बघत राहतात आणि अमुक फुटाला सामान वर, तमुक फुटाला म्हातारी माणसं पाहुण्यांकडे, असं त्यांचं आधीच ठरलेलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा दारात पाणी आल्यावर विचार करायला उसंतच नव्हती. स्वतःच्या बाबतीतही असा आकडा आधी लिहून ठेवायचा असतो.

लिहायचं काय? प्रामाणिकपणा, कुटुंब, आरोग्य असले मोठे शब्द वहीत लिहून काही होत नाही. त्यांना नाही कोण म्हणणार? ज्या वाक्यामुळं तुमचं काहीतरी जाईल, वेळ, पैसा किंवा कुणाची मर्जी, तेच वाक्य कामाचं. आणि अशी दोन-तीनच लिहा, दहा लिहिली तर एकही टिकत नाही. माझी तीन आहेत. ज्या कागदाबद्दल विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही, तो कागद माझ्या हातून जाणार नाही. शेतकऱ्याला त्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, समजल्याशिवाय मी त्याला पाठवणार नाही. आणि रविवार गावाचा.

दुसऱ्या वाक्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण रोजच्या कामात मूल्यं कशी दिसतात ते तिथं नीट कळतं.

हळदीचा हंगाम साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत. सौदे झाले की शेतकरी पट्टी घ्यायला येतात. पट्टीवर वर वजन आणि दर, त्याखाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी घेतलेली उचल वजा, आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. बहुतेक जण फक्त शेवटचा आकडा बघतात, कागदाची घडी घालून खिशात ठेवतात आणि निघतात. कडेगाव भागातले एक आजोबा असेच उठत होते. "किती आलं तेवढं सांगा बाई, गाडी गाठायची हाय," म्हणाले. मी म्हटलं, "आजोबा, पाच मिनिटं बसा, गाडी चुकणार नाही." कागदावर फूटपट्टी ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. उचलीच्या ओळीवर आले तसे ते थांबले. "ही उचल तर मी गेल्या साली फेडलीया की." खतावणी काढली. खरंच, मागच्या हंगामात रक्कम वळती झाली होती आणि नव्या वहीत बाकी ओढताना ती तशीच पुढं आली होती. त्यांना हिशेब दुरुस्त करून दिला. अंगठ्यानं ती ओळ पुन्हा एकदा दाबून बघितली त्यांनी आणि मग सही केली.

यात माझी हुशारी काही नाही. सांगायचं आहे ते असं की, सौद्याच्या गर्दीत मागं रांग लागलेली असताना पाच मिनिटं देणं मला शक्य झालं, कारण नोकरीला लागतानाच मी मालकांना सांगितलं होतं. "शेठ, मी पट्टी वाचून दाखवल्याशिवाय देणार नाही. त्यात वेळ जाईल. तेवढं काम मी संध्याकाळी थांबून पुरं करीन." त्यांनी जरा विचार केला आणि हो म्हटलं. हंगामात अचानक हे सुरू केलं असतं तर पहिल्याच दिवशी "आवरा लवकर" ऐकावं लागलं असतं आणि दुसऱ्या दिवसापासून मीही गप्प आकडा सांगायला लागले असते. मुलाखतीला जाताना आपण पगार विचारतो, सुट्ट्या विचारतो. त्याच बैठकीत आपलं एखादं वाक्य सांगून बघा. समोरचा कसा ऐकतो यावरून त्या जागेबद्दल पुष्कळ कळतं.

पहिलं वाक्य मात्र मला महाग पडलं. कर सल्लागाराकडे असताना एका पक्षकाराची बिलं माझ्याकडे आली, ज्यांच्यामागं माल कुठंच हललेला नव्हता. गाडी नंबर नाही, वजनकाटा नाही, गोदामात नोंद नाही. मालाशिवाय बिल काढलं तर जीएसटी कायद्यात किमान १०,००० रुपये किंवा करात झालेल्या गफलतीइतका, जो जास्त असेल तो, दंड आहे. पण दंड हे माझं कारण नव्हतं. मी साहेबांना सकाळी, ऑफिस भरायच्या आधी, एकटं गाठलं आणि म्हटलं, "सर, ही बिलं मी रिटर्नमध्ये भरणार नाही. बाकीचं काम दुप्पट करते, पण ही फाईल माझ्याकडे नको." चारचौघांत नाही म्हटलं की समोरच्याला त्याचा मान राखायला भांडावंच लागतं, म्हणून एकांत. ते चिडले नाहीत, पण हळूहळू माझ्याकडची कामं कमी होत गेली आणि शेवटी मी ती जागा सोडली.

सोडू शकले ती बाजूला ठेवलेल्या पैशांमुळं. हे तरुणांना मी कळकळीनं सांगते. नाही म्हणायला आधी बँकेत काहीतरी लागतं. तीन महिन्यांचा घरखर्च निघेल इतकी रक्कम वेगळ्या खात्यात साठेपर्यंत गाडीचा हप्ता, मोबाईलचा हप्ता, मित्रांच्या भिशीत नवीन नंबर, यातलं काही घेऊ नका. ज्याच्या डोक्यावर तीन हप्ते आहेत त्याला साहेबांनी पुढं केलेल्या कागदावर सही करावीच लागते, मग त्याची तत्त्वं कितीही चांगली असोत.

त्याला जोडून पीएफचं. नोकरी बदलताना पीएफ काढून चैन करू नका, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून रक्कम नव्या ठिकाणी वळती करून घ्या. सलग पाच वर्षांची नोकरी व्हायच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. आपल्याकडच्या छोट्या दुकानांत वीस माणसं नसतात, त्यामुळं पीएफ बहुधा नसतोच. तिथं स्वतःच पोस्टात किंवा बँकेत पीपीएफचं (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं) खातं उघडा. वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं, मुदत १५ वर्षांची.

आता घरचं. इथं सगळ्यात जास्त ओढाताण होते, कारण समोर परका माणूस नसतो.

लग्न साधेपणानं, नोंदणी पद्धतीनं करायचं हे मी स्थळं बघायला सुरुवात व्हायच्या कितीतरी आधी वडिलांना, आप्पांना, सांगून ठेवलं होतं. आमच्या भागात द्राक्षबागेचं एक साल वाईट गेलं की घर हलतं, आणि तरी लग्नात मांडव, बँड, मानपान, आहेर यांत कुणी मागं राहत नाही. पुढं कर्ज बापाच्या नावावर राहतं. आप्पा म्हणाले, "भावकीला तोंड कसं दाखवू?" आत्या तर म्हणाली, "एकुलती एक पोरगी अन् कोर्टात जाऊन सह्या? लोक काय समजतील!" मी वाद घातला नाही. विषय मात्र सोडला नाही, दिवाळीला, यात्रेला, जमेल तसा काढत राहिले. आप्पांना शेवटी पटलं ते कायद्यानं नव्हे, नाना पाटलांमुळं. क्रांतिसिंहांच्या प्रतिसरकारनं १९४० च्या दशकात याच मुलखात गांधी विवाह लावले, बँड-मानपान नसलेली, थोडक्या खर्चातली लग्नं. "आपल्याच माणसांनी केलंय की," म्हणाले आणि स्वतःच आत्याला समजावायला लागले.

अशी नोंदणी पद्धतीची लग्नं ज्या कायद्यानं होतात तो विशेष विवाह कायदा १९५४ चा. ज्यांना तसं करायचं आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं. तीन साक्षीदार लागतात. मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण. आम्ही सह्या केल्या आणि नंतर बागेतल्या शेडमध्येच भावकीला जेवू घातलं. आत्यानं पुरणपोळ्या लाटल्या.

एक गोष्ट इथंच बोलायला हवी. तत्त्वानं जगणाऱ्या माणसाची किंमत कितीदा घरातलं दुसरं माणूस मोजतं. कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आपण आदरानं घेतो, घ्यायलाच हवं. पण वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दिलं. त्यांचा त्याग मोठाच. आपल्याला मात्र घरच्यांना न विचारता त्यांच्या वाट्याला तो लावायचा हक्क नाही. म्हणून तुमची वाक्यं लिहून झाली की जोडीदाराला, आईवडिलांना, ज्यांचा पैसा किंवा झोप त्यात जाणार आहे त्यांना वाचून दाखवा. ते नको म्हणाले तर वाक्य बदला किंवा थांबा.

आणि भाऊरावांकडून आणखी एक घेण्यासारखं आहे. ओगल्यांच्या काचसामानाची, किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत ते गावोगाव फिरले, आणि शिक्षणापासून तुटलेली पोरं त्यांना त्या फिरतीत दिसत गेली. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. मला अनेक मुलं भेटतात ज्यांना वाटतं की मनासारखं जगायचं म्हणजे आधी नोकरी सोडायची. नोकरी हीसुद्धा बघण्याची जागा आहे. पट्टीच्या वाक्याची खरी किंमत मला नोकरीत बसूनच कळली.

राहता राहिला पुण्याचा प्रश्न. "जाऊ की इथंच राहू?" असं मला यार्डात येणारी पोरंही विचारतात. मी हो किंवा नाही सांगत नाही. आपली तीन वाक्यं समोर ठेवा आणि दोन्हीकडचा एक साधा मंगळवार लिहून काढा, उठण्यापासून झोपण्यापर्यंत, प्रवासाचे तास आणि खोलीभाडं धरून. ज्याला आईच्या दुखण्यात जवळ राहायचं आहे त्याला तो मंगळवारच उत्तर देतो, आणि ज्याला चांगल्या कंपनीत काम शिकायचं आहे त्यालाही. माझी मावसबहीण असं लिहून काढून पुण्याला गेली आणि तिचं बरोबर होतं. तिनं जाण्याआधी काकांना सांगितलं, दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार मी घरी, बाकी आठवड्यात रोज रात्री नऊला फोन. जे पुण्याला निघालेत त्यांनी रुजू होतानाच साहेबांना असा शनिवार सांगून ठेवावा आणि पहिल्या महिन्याचं एसटीचं किंवा रेल्वेचं तिकीट काढूनच निघावं.