अल्जिब्राइक टोपॉलॉजीचं पाठ्यपुस्तक निवडायचं कसं?

‘हॅचर घे आणि सुरू कर.’ अल्जिब्राइक टोपॉलॉजी, म्हणजे आकारांचा बीजगणिताच्या साधनांनी अभ्यास, शिकायची म्हटलं की हा सल्ला हमखास मिळतो. हॅचर म्हणजे ॲलन हॅचर यांचं ‘अल्जिब्राइक टोपॉलॉजी’. पुस्तक खरंच उत्तम आहे आणि लेखकाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. तरीही त्याची प्रिंट काढून, बाइंडिंग करून, दीडशेव्या पानाच्या आसपास अडकलेली मुलं मी दर वर्षी बघते. त्यांनी पुस्तक निवडलेलं नसतं, नुसतं उचललेलं असतं. निवडायला एक आठवडा लागतो. पुढची दोन वर्षं ज्या पुस्तकासोबत काढायची त्याच्यासाठी एवढा वेळ द्यायलाच हवा.

पॉइंट-सेट टोपॉलॉजी, ग्रुप थिअरी आणि मॉड्यूलची ओळख तुम्हाला आहे असं धरून चालते. कोशंट टोपॉलॉजी कच्ची असेल तर मात्र आधी ती पक्की करा. चौकोनाच्या कडा चिकटवून टोरस कसा होतो हे ज्याला सिद्ध करता येत नाही, त्याला यातलं कोणतंच पुस्तक पेलणार नाही.

आधी यादी तीन पुस्तकांवर आणा. त्यासाठी तुम्हाला हा विषय कशाला हवाय ते ठरवा. भूमितीकडे जायचं असेल तर हॅचर (२००२) किंवा ब्रेडन (१९९३). ब्रेडनमध्ये डिफरेन्शियल टोपॉलॉजी सोबतच येते, हा त्याचा मोठा फायदा. बीजगणिताची सवय असेल, प्रत्येक पायरी लिहिलेली हवी असेल, तर रॉटमन (१९८८). सावकाश, सिम्प्लिशियल कॉम्प्लेक्सच्या (त्रिकोण, चतुष्फलक असे तुकडे जोडून केलेल्या आकारांच्या) वाटेने जायचं असेल तर मंक्रीज यांचं ‘एलिमेंट्स ऑफ अल्जिब्राइक टोपॉलॉजी’ (१९८४). त्यांचं ‘टोपॉलॉजी’ हे दुसरं पुस्तक. त्यात फंडामेंटल ग्रुप आणि कव्हरिंग स्पेस आहेत, पण हॉमॉलॉजीचा, म्हणजे आकारातली भोकं ग्रुपच्या रूपात मोजण्याचा, सिद्धांत उभा केलेला नाही. ही गल्लत फार जण करतात. पूर्वी आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या अनंत शास्त्री यांचं ‘बेसिक अल्जिब्राइक टोपॉलॉजी’ (२०१३) आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी यादीत जरूर ठेवावं. त्यांची एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरची व्याख्यानंही आहेत, त्यामुळे एकट्याने शिकणाऱ्याला आधार होतो.

स्पॅनियर (१९६६) आणि मे यांचं ‘कन्साइज कोर्स’ (१९९९) पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका. ‘अवघड पुस्तकातून शिकलं की पाया पक्का होतो’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ही दोन्ही पुस्तकं विषय एकदा हातात आल्यावर फार देतात, त्याआधी नाही.

आता खरी पायरी. इथे मी स्वतः एक वर्ष गमावलं आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

विद्यार्थिदशेत एका ज्येष्ठांच्या शब्दावर मी एक जाडजूड पुस्तक घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचत गेले. पाच महिन्यांनी मला फाइव्ह लेमा तोंडपाठ होता, लाँग एक्झॅक्ट सिक्वेन्स झोपेतही मांडता आली असती. मग एका चर्चासत्रात कोणीतरी सहज क्लाइन बॉटलची हॉमॉलॉजी विचारली आणि मी फळ्यासमोर नुसती उभी राहिले. पहिल्या ग्रुपमध्ये पूर्णांकांच्या ग्रुपसोबत दोन घटकांचा एक ग्रुप येतो आणि दुसरा ग्रुप शून्य असतो, एवढं उत्तर. चौकोन काढून दहा मिनिटांत मिळतं. ते मला आलं नाही, कारण वाचलेलं आणि करता येणारं यातलं अंतर मी कधी मोजलंच नव्हतं.

तेव्हापासून पुस्तक पारखायला मी एकच प्रमेय वापरते: एक्सिजन. एखाद्या जागेच्या उपभागात, त्याच्या काठापासून आत असलेला तुकडा कापून टाकला तरी सापेक्ष हॉमॉलॉजी बदलत नाही, हे त्याचं म्हणणं. प्रस्तावना आणि अनुक्रमणिका बघून पुस्तकाचा स्वभाव कळत नाही. या सिद्धतेत तो कळतो. कारण हॉमॉलॉजी उभी करताना कुठेतरी घाम गाळावाच लागतो, आणि प्रत्येक लेखक तो वेगळ्या ठिकाणी गाळतो. तुम्हाला कुठे गाळायला जमेल, एवढंच ठरवायचं आहे.

सिंग्युलर हॉमॉलॉजीत (हॅचर, रॉटमन यांच्या पद्धतीत) हे कष्ट बॅरिसेंट्रिक सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे मध्यबिंदूंवरून लहान तुकडे करण्यात आहेत. त्रिकोणाचे ६ तुकडे, चतुष्फलकाचे २४. प्रत्येक वेळी त्रिकोणाच्या तुकड्यांचा व्यास मूळच्या जास्तीत जास्त दोन-तृतीयांश, चतुष्फलकाच्या तीन-चतुर्थांश. पुन्हा पुन्हा तोडत गेलं की तुकडे हवे तितके लहान होतात. हे सगळ्यांना समजतं. अडतं ते पुढे: तोडलेली चेन (चेन म्हणजे अशा तुकड्यांची बेरीज) आणि मूळ चेन एकच नाहीत, मग हॉमॉलॉजी तीच कशी राहते? त्यासाठी चेन होमोटोपी लागते. माझ्या त्या पुस्तकात तिथे एक सूत्र होतं आणि बाकीचं वाचकावर सोडलेलं. मी सूत्र पाठ केलं. पुढे हॅचरमधली आकृती पाहिली: प्रिझमच्या तळाला अखंड त्रिकोण, वर तोडलेला त्रिकोण, आणि तळ व बाजू वरच्या मध्यबिंदूला जोडलेल्या. सूत्र त्या चित्राचंच वर्णन होतं. मला चित्राशिवाय सिद्धता उमगत नाही, हे त्या दिवशी कळलं. तुमचं उलटही असू शकतं. काही चांगल्या विद्यार्थ्यांना हॅचरची लांब वाक्यं आणि ‘चित्रातून दिसतं’ ही पद्धत छळते. रॉटमनच्या ओळीमागून ओळ गणिताने त्यांना हायसं वाटतं.

मंक्रीजमध्ये हाच भार वेगळीकडे आहे. सिम्प्लिशियल हॉमॉलॉजीत एक्सिजन जवळजवळ एका ओळीत होतो. मग किंमत चुकवावी लागते ती ट्रायँग्युलेशन (आकाराची त्रिकोणांत केलेली विभागणी) बदललं तरी ग्रुप तेच राहतात हे दाखवताना, आणि तिथे सिम्प्लिशियल ॲप्रॉक्सिमेशनची बरीच पानं लागतात. मॅसी आपल्या पाठ्यपुस्तकात त्रिकोणांऐवजी घन घेतात. घनाला प्रत्येक बाजूने निम्मं करणं सोपं, आणि घनाचा रेषाखंडाशी गुणाकार पुन्हा घनच, म्हणून होमोटोपीची सिद्धता सुटसुटीत होते. पण डीजनरेट (चपटे झालेले) घन वगळावे लागतात. नाही वगळले तर एका बिंदूलाही प्रत्येक मितीत हॉमॉलॉजी मिळते. मे तर हॉमॉलॉजी ॲक्सिअम्सवरून मांडतात, तोपर्यंत वाचकाने होमोटोपी थिअरी बरीच पचवलेली असावी लागते.

तर कृती अशी. तुमच्या तिन्ही पुस्तकांतली एक्सिजनची, किंवा तिच्या जागी येणारी, सिद्धता एकेका दिवशी वाचा. आधीच्या व्याख्या लागतील तेवढ्याच चाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर ती लिहा. वाचताना कोणतं आवडलं याला महत्त्व देऊ नका. छान लिहिलेली सिद्धता वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतंच. कागदावर काय उतरलं ते बघा. ज्या पुस्तकातली सिद्धता निम्म्याहून जास्त उतरली आणि अडलेली जागा तुम्हाला नेमकी दाखवता आली, ते तुमचं पुस्तक. तिन्ही वेळा कागद कोरा राहिला तर तयारी अपुरी आहे. मग फुल्टन (१९९५) घ्या, ते प्रतलातल्या वाइंडिंग नंबरपासून (वक्र एका बिंदूभोवती किती वेढे घेतो त्यापासून) सुरुवात करतं, आणि सहा महिन्यांनी परत या.

स्वाध्याय बघायला एक तास पुरे. निवडलेल्या पुस्तकात प्रोजेक्टिव्ह प्लेन, क्लाइन बॉटल, लेन्स स्पेस यांची आकडेमोड नसेल तर ती दुसऱ्या पुस्तकातून घ्या.

एकदा निवडलं की फंडामेंटल ग्रुप, कव्हरिंग स्पेस आणि हॉमॉलॉजी त्याच पुस्तकातून पूर्ण करा. मध्येच पुस्तक बदललं की चिन्हं, दिशांचे संकेत, चेनच्या व्याख्या सगळं बदलतं आणि महिना वाया जातो. अडलेल्या प्रमेयापुरतं दुसरं पुस्तक उघडायला हरकत नाही. कोहॉमॉलॉजीला पोचल्यावर, डिफरेन्शियल फॉर्म्स येत असतील तर, बॉट आणि टू (१९८२) सोबत ठेवा. तिथे मायर-व्हिएटोरिस (तुकड्यांवरून पूर्ण जागेची कोहॉमॉलॉजी काढण्याची पद्धत) अगदी सुरुवातीला येतो आणि कप प्रॉडक्ट म्हणजे फॉर्म्सचा वेज गुणाकार होतो. हॅचर वापरत असाल तर त्यांच्या संकेतस्थळावरची दुरुस्त्यांची यादी पहिल्याच दिवशी उतरवून घ्या आणि तुमच्या प्रतीत पेन्सिलीने खुणा करून ठेवा.