उघडं बोडकं झाड पाहून पाणी सोडू नका

बांधावर किंवा पडीक रानात पानझडी झाडं लावली असतील, तर उन्हाळ्यात सगळ्यांना एकाच मापाने पाणी घालू नका. टंचाईत प्रत्येक जातीची तऱ्हा निराळी असते.

ओल तुटली की साग पानं गाळतो आणि त्याची पाण्याची गरज अगदी थोडी उरते. सावर, पांगारा, सालई, मोई यांचं लाकूड हलकं असतं, पाण्याचा साठा खोडातच असतो. म्हणून तर सावर आणि पांगारा एकही पान नसताना फुलतात. यांच्या बुंध्याशी पाणी फार दिवस तुंबलं तर मुळं कुजू शकतात. अंजनाचं तंत्र वेगळं. रोप जमिनीवर वीतभर दिसतं तेव्हा सोटमूळ त्याच्या कितीतरी पट खाली उतरलेलं असतं. आखूड पिशवीत ते मूळ वेटोळं घेतं आणि झाड जन्मभर अवर्षणाला कच्चं राहतं, म्हणून शक्यतो बी जागेवरच टोबा.

सर्वांत घातक अर्धवट पाणी. निष्पर्ण सागाला मधेच एखादं पाणी मिळालं की डोळे फुटतात, कोवळी पालवी येते आणि ओल संपली की करपते. त्या पालवीवर झाडाने खोडा-मुळांतला अन्नसाठा खर्च केलेला असतो. पाऊस लागेपर्यंत पाणी पुरणार असेल तरच सुरू करा, नाहीतर मोठ्या झाडाला हात लावू नका.

हाताशी असलेलं पाणी पहिल्या दोन वर्षांच्या रोपांना द्या. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच रेंगाळतात. आठवड्यातून एकदा, सावकाश, हातभर खोल ओल जाईल इतकं द्या. गळलेला पाला जाळू नका, त्याचंच चार बोटं जाड आच्छादन करा, मात्र खोडापासून वीतभर लांब. युरिया या दिवसांत नको, आणि झाडाखाली नांगरही घालू नका, कारण ओल शोषणारी बारीक मुळं वरच्या थरातच जास्त असतात.

फांदी वाळलीय अशी शंका आली तर साल नखाने खरवडा. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर ती जिवंत आहे. कोरडं, तपकिरी लागलं तर बुंध्याकडे सरकत तपासा, पण छाटणीची घाई नको. पाऊस स्थिरावून फुटवे कुठून येतात ते दिसल्यावरच वाळकं लाकूड काढा.