पंचवीस वर्षांच्या संसारानंतर फारकत: पोटगी, सोनं आणि सातबाऱ्याचा हिशेब कसा करावा

‘घटस्फोट झाला की अर्धी मालमत्ता बायकोला’ हे सांगणारा गावोगावी एकतरी भेटतो. त्याचं ऐकू नका. आपल्या कायद्यात लग्नामुळे मालमत्ता सामाईक होत नाही. घर ज्याच्या नावावर, त्याचं. बायकोचा हक्क पोटगीवर, स्वतःच्या स्त्रीधनावर (लग्नात आणि नंतर तिला मिळालेले दागिने, भेटी) आणि जिथे तिचं नाव किंवा तिचे पैसे आहेत त्या मालमत्तेवर. नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत फारकतीनंतर तिला वाटा नाही. मुलांचा मात्र आहे, आणि अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलांचा हिस्सा आई-वडिलांना तडजोडीत परस्पर सोडून देता येत नाही. (इथलं बहुतेक विवेचन हिंदू विवाह कायदा, १९५५ धरून आहे.)

कागद

नोटीस जाण्याआधी गोळा करा. नंतर फाइल कपाटात सापडत नाही. सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) ऑनलाइन मिळतात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

उत्पन्नाचं शपथपत्र

सगळं इथे अडतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. नोकरदाराचं सोपं असतं: पगारपत्रक, फॉर्म सोळा, बँकेचा उतारा. पण आपल्याकडची बरीच प्रकरणं ऊस आणि दुधाची. त्या निकालात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना जोडलेला आहे. त्यात जमिनीचं क्षेत्र, बागायत की जिरायत, पिकं, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, जनावरं आणि जमिनीवरचं कर्ज विचारलं आहे. शहरी नमुना भरून ‘शेतीतून फारसं काही नाही’ एवढं लिहिलेलं शपथपत्र समोरून आलं तर लगेच हरकत घ्या.

आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो, त्यामुळे एकाच वर्षाची बिलं पाहिली तर उत्पन्न निम्मं तरी दिसतं किंवा दुप्पट तरी. तीन गळीत हंगामांची कारखान्याची बिलं मागवा आणि सरासरी काढा. समजा दोन एकरांत ८० टन ऊस गेला आणि दर ३,००० रुपये धरला, तर २ लाख ४० हजार होतात. त्यातून बियाणं, खत, मजुरी, पाणीपट्टी वजा करा. ‘शेती तोट्यात’ म्हणणाऱ्याला हा खर्च पावत्यांनिशी दाखवू द्या. आणि बिलावरचं टनेज सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीशी ताडून बघा. एक एकर ऊस लावलेला आणि बिल दहा टनाचं असेल, तर उरलेला ऊस भावाच्या किंवा वडिलांच्या सभासद खात्यावर गेलाय. ती बिलं कारखान्याकडून मागवण्यासाठी कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो. तोंडी सांगून कुणी देत नाही.

दुधाचा घोळ उलटा. संस्थेतलं खातं बऱ्याचदा बायकोच्या नावावर असतं, मग ‘तिला स्वतःचं उत्पन्न आहे’ असा युक्तिवाद येतो. दहा दिवसांच्या बिलांतून पशुखाद्याची कपात वजा करून निव्वळ रक्कम दाखवा, आणि पैसे कुणी काढले, गोठा कुणाच्या जागेत आहे, हेही लिहा. गोठा त्याच्या घरी राहणार असेल तर ते उत्पन्न उद्या तिचं नसणार.

खर्चाचा रकाना फुगवू नका. एक खोटा आकडा पकडला गेला की खऱ्यांवरही विश्वास उरत नाही.

रक्कम

‘पगाराच्या पंचवीस टक्के मिळतातच’ हेही अर्धवट. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते प्रमाण योग्य म्हटलं, पण तो सरसकट नियम नाही. वय, संसाराची वर्षं, घरासाठी सोडलेली नोकरी, आजारपण, सगळं मोजलं जातं.

एकरकमी की दरमहा? नवरा सरकारी नोकरीत असेल तर दरमहा चालेल, कारण रक्कम पगारातून वळती करता येते. पण फारकतीनंतर त्याचं कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळत नाही, याची भरपाई आत्ताच मागा. शेती किंवा धंदा असेल तर एकरकमीच घ्या. पुढच्या तारखांचे चेक बिलकुल नकोत. संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जाच्या वेळी अर्धी रक्कम आणि शेवटच्या जबाबाच्या वेळी उरलेली, दोन्ही डिमांड ड्राफ्टने, कोर्टासमोर. मधली सहा महिन्यांची मुदत २०१७ पासून कोर्ट माफ करू शकतं.

घर आणि कर्ज

राहतं घर बायकोच्या नावावर करायचं ठरलं असेल तर बक्षीसपत्र घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधी नोंदवा. नवरा-बायकोमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा). घटस्फोटानंतर ती ‘पत्नी’ राहत नाही आणि पूर्ण दराने भरावं लागतं. घरावर कर्ज असेल तर आधी बँकेची संमती.

तडजोडीत ‘कर्ज नवरा फेडेल’ असं लिहिलं तरी बँक त्याला बांधील नसते. सहकर्जदार म्हणून सही असेल तर वसुली तुमच्याही दारात येते. पतसंस्थेतल्या जामीनकीचं तसंच, आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला झपाट्याने निघतो. जामीनदार बदलून घेतल्याशिवाय तडजोडीवर सही करू नका.

सोनं

यादी करा: साज, बोरमाळ, पुतळ्याची माळ, पाटल्या, प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये. सराफाची पावती नसेल तर लग्नातले फोटो चालतात. सोनेतारणात असेल तर कर्ज कुणाच्या नावावर आहे ते पाहा.

नंतर

विमा, ठेवी, भविष्य निर्वाह निधी यांवर लावलेले वारस (नॉमिनी) बदला. दरमहा पोटगी थकली तर गप्प बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालच्या आदेशात थकबाकीच्या वॉरंटसाठी हप्ता देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.